१४ एप्रिल आणि ते ६६ जवान

१४ एप्रिल म्हटलं की आपल्या घराघरात बाबासाहेबांची जयंती. पण याच दिवशी देशभरातली अग्निशमन दलं आपल्या हुतात्म्यांना मानवंदना देतात, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे?

साल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ ही बोट लागली होती. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, आणि त्याच बोटीत कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी! दुपारी कापसानं पेट घेतला. धोक्याचा माल असला की बोटीवर लाल बावटा लावायची रीत. तो इथं नव्हताच. मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्ज आणि त्यांचे जवान पाण्याचा मारा करीत राहिले. चार वाजून गेले नि पहिला स्फोट झाला. थोड्या वेळानं दुसरा. कूम्ब्ज वाचले, पण दलाचे ६६ जवान कामी आले. गोदीलगतच्या वस्त्या बेचिराख झाल्या. शेकडो माणसं गेली, हजारो बेघर झाली.

साहेबाचं नाव कागदावर राहतं. नळी धरून पुढं उभा राहिलेला जवान, गाठी वाहणारा हमाल यांची नावं कोण घेतो? इतिहास राबणाऱ्यांचाही असतो, हे आपल्या समाजाला वेगळं सांगायला नको.

म्हणून यंदा जयंतीला, वंदना झाल्यावर, दोन मिनिटं त्यांच्यासाठीही उभे राहू या. भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात त्यांचं स्मारक आहे. कधी जाणं झालं तर लेकरांना ते जरूर दाखवू या.