माणिकबागेतील साधी चांदी

लक्ष्मीपूजनापूर्वी चांदीची भांडी रांगोळीने घासण्याचे काम ज्यांच्या वाट्याला येते, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. गुलाबदाणीच्या नक्षीत काळेपणा लपून बसतो. साधा तांब्या मात्र दोन हात फिरवताच उजळतो. पण त्याच तांब्याला एवढासा पोचा आला, तर तो काही केल्या लपत नाही. साधेपणा हा असा कठोर परीक्षक आहे.

पहिल्या महायुद्धानंतर युरोपातील कारागिरांनी ही परीक्षा हौसेने दिली. पॅरिसच्या झाँ प्युइफोर्का या रुपेकाराने वेलबुट्टी टाकून दिली आणि गोल, शंकू व नळकांडे यांच्या प्रमाणबद्धतेवर भांडी घडविली. त्याची चांदी श्रीमंतांसाठी होती. पण 1840 साली इंग्लंडच्या एल्किंग्टनने विजेच्या प्रवाहाने चांदीचा मुलामा देण्याच्या कृतीचे पेटंट घेतल्यापासून मध्यमवर्गाच्या मेजावरही रुपेरी झळाळी येऊ लागली होती. मुलामा पातळ, उठावाच्या नक्षीवर तो आधी झिजतो. सपाट अंगावर अधिक टिकतो. नव्या रूपाला ही सोयही मानवली. अमेरिकेतील दारूबंदी 1933 साली उठल्यावर तर मद्य मिसळण्याच्या भांड्यांना बहर आला. नेपियर कंपनीने 1936 साली चक्क पेंग्विन पक्ष्याच्या आकाराचे मुलाम्याचे भांडे काढले!

या नव्या कलेचा संसार हिंदुस्थानात मांडला तो एका मराठी राजाने. भोरच्या डोंगरांत उगम पावणारी नीरा पुढे फलटण तालुक्यातील ज्या होळ गावाजवळून वाहते, ते होळकरांचे मूळ गाव. त्या घराण्यातील इंदूरचे यशवंतराव होळकर (दुसरे) ऑक्सफर्डला असताना एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन वास्तुशिल्पज्ञाला भेटले. 1930 ते 1933 या काळात त्याने इंदुरात माणिकबाग हा राजवाडा उभारला. सामान युरोपात घडून बोटीने आले. मेजावरची चांदी प्युइफोर्काची. रयतेच्या महसुलावर हा थाट उभा होता, हे विसरून चालणार नाही. पण यशवंतरावांनी गोऱ्या साहेबाच्या बंगल्याची नक्कल केली नाही, साहेबालाही नवखे वाटावे असे घर निवडले.

ते घर फार दिवस भरलेले राहिले नाही. राणी संयोगिताराजे, कागलच्या घाटग्यांची लेक, 1937 साली परदेशी वारल्या; ब्रांकुशी या शिल्पकाराकडून बांधून घ्यावयाचे ध्यानमंदिर कल्पनेतच राहिले. महाराज 1961 साली गेले. माणिकबाग सरकारी कचेरी झाली आणि 1980 साली तेथील सामानाचा मोनॅकोत लिलाव होऊन ते देशोदेशी पांगले.

साधेपणाचे नवल करावयास मात्र आपल्याला परदेशी जावे लागत नाही. प्युइफोर्काने ज्या रेषेसाठी गणित मांडले, ती आपल्या तांबटाच्या हाताला ठोक्याठोक्याने साधत आली आहे. यंदा देवघरातला तांब्या पुसताना त्याची कडा जरा निरखून पाहावी.