हात मुलासाठी की बघणाऱ्यांसाठी?

कृत्रिम अवयव वाटपाच्या शिबिरांचे फोटो आपल्याकडे वरचेवर दिसतात. मांडव, बॅनर, पाहुणे आणि पुढे नवा हात उंचावून उभं केलेलं एखादं पोरगं. हेतू चांगलाच असतो, त्यावर माझा वाद नाही. पण जन्मतःच हात नसलेल्या किंवा अपुरे असलेल्या मुलांसाठी युरोपात साठेक वर्षांपूर्वी जे झालं, ते शिबिर भरवणाऱ्यांनी एकदा वाचावं.

१९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ‘कॉन्टरगन’ नावाची झोपेची गोळी बाजारात आली. औषधाचं नाव थॅलिडोमाइड. अगदी निर्धोक म्हणून जाहिरात झाली आणि गरोदर बायकांनीही मळमळीवर, झोपेसाठी ती घेतली. पोटातल्या बाळाचे हातपाय घडायच्या दिवसांत ही गोळी घेतली गेली की त्यांची वाढच बिघडायची. कुणाचा पंजा थेट खांद्यालाच, कुणाला हातच नाहीत. नोव्हेंबर १९६१ मध्ये हॅम्बुर्गचे डॉ. विडुकिंड लेन्झ यांनी धोका उघड केला आणि औषध मागे घेतलं गेलं. तोवर जगभरात अंदाजे १०,००० मुलं बाधित झाली होती.

सरकारं हादरली. या मुलांना हात द्यायचेच, असं ठरलं. जर्मनीत हायडेलबर्गला, ब्रिटनमध्ये एडिंबराला मोठी कामं सुरू झाली. दाबून भरलेल्या कार्बन डायऑक्साइडवर चालणारे हात तयार झाले. एडिंबराच्या डेव्हिड सिम्पसन यांचे हात तर त्या काळातली कमालच होती. चमचा तोंडाकडे नेताना तो कलंडू नये, इतका बारीक विचार त्यात होता.

आणि तरीही बहुतेक मुलांनी ते हात काढून ठेवले.

का? हात जड होते, घाम यायचा, गॅस संपायचा. पण खरं कारण वेगळं होतं. ही मुलं तोवर पायाने जेवत होती, लिहीत होती, चित्रं काढत होती. खांद्याजवळच्या दोन-तीन बोटांनी वस्तू धरत होती. त्या बोटांना स्पर्श कळत होता, यंत्राला कळत नव्हता. म्हणजे मुलाचं चालू असलेलं काम झाकून त्यावर मोठ्यांच्या मनातला ‘पूर्ण’ हात बसवला होता. इंजिनियर हुशार होते, डॉक्टर तळमळीचे होते. मुलाला काय हवंय, हे विचारायचं तेवढं राहून गेलं.

पुढे २०१३ च्या सुमारास चित्र थोडं बदललं. अमेरिकेचे इव्हान ओवेन आणि दक्षिण आफ्रिकेचे रिचर्ड व्हॅन अ‍ॅस यांनी थ्रीडी प्रिंटरवर छापता येणाऱ्या हाताचा आराखडा इंटरनेटवर सगळ्यांसाठी मोफत खुला केला. मनगट वाकवलं की दोऱ्या ताणतात आणि बोटं मिटतात. पकड बेताचीच, आणि मनगटच नसेल तर हा नमुना चालत नाही. पण हलका, स्वस्त, मुलाच्या आवडीच्या रंगाचा. मूल वाढलं की पुन्हा मोठा छापायचा.

हीच गोष्ट आपल्या शिबिरांत निसटते. मोठ्या माणसाला बसवलेला हात काही वर्षं जातो. सहा वर्षांच्या पोराला तो वर्ष-दीड वर्षात आखूड होतो. मग तो कपाटावर जातो, आणि आपण म्हणतो, ‘दिला होता, वापरत नाही.’

म्हणून तीन साध्या मागण्या. हात देण्याआधी मुलाला विचारा, तुला नेमकं काय करायचंय? सायकल धरायची, वेणी घालायची, की काहीच नको? दुसरं, वाटपाच्या दिवशीच पुढच्या मापाची तारीख द्या, सराव शिकवणारा माणूस द्या. आणि तिसरं, मूल ‘नको’ म्हणालं तर ते ऐका. पायाने सुंदर लिहिणाऱ्या मुलीला हाताची नाही, योग्य उंचीच्या बाकाची गरज असू शकते.

तुमच्या ओळखीत कुणी असं शिबिर भरवत असेल तर हे त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा.