शंभर वॅट म्हणजे नक्की किती?

बाबांना टीव्हीवरचे संवाद नीट ऐकू येत नाहीत. कानांचा थोडा दोष आहेच, वयही झालंय. पण त्यामुळे आमच्या घरात रोज रात्री एकच नाटक चालतं. संवाद कळत नाहीत म्हणून बाबा आवाज वाढवतात. मग गाणं नाहीतर मारामारी सुरू होते आणि भिंती हादरतात. आतून आई ओरडते, बाबा आवाज कमी करतात, आणि पुढच्याच वाक्याला मला विचारतात, "काय म्हणाला रे तो?"

यावर उपाय म्हणून चार वर्षांपूर्वी मी एक तयार 'होम थिएटर' खोक्यासकट उचलून आणलं होतं. खोक्यावर ठळक अक्षरात छापलं होतं: ५००० वॅट पीएमपीओ! पाच चिमुकले स्पीकर आणि एक सबवूफर. धमाके जोरात ऐकू यायला लागले, बाबांचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे. पैसे गेले ते गेलेच.

आता ते खोकं बंद पडलंय. या वेळी नीट रिसीव्हर आणि वेगळे स्पीकर घ्यायचे ठरवले. बजेट सगळं मिळून चाळीस हजार, एक रुपया जास्त नाही. इंजिनियर माणूस काय करणार? एक्सेल शीट उघडली. रकाने मांडले: वॅट, चॅनेल, एचडीएमआय, किंमत. आणि लक्षात आलं की यातल्या एकाही आकड्याचा अर्थ आपल्याला धड माहीत नाही. म्हणून मागे मागे वाचत गेलो. त्या नादात दोन वीकेंड गेले, पण माझी शीट पार बदलली.

तर सुरुवात १९३१ पासून. लंडनला ईएमआयमध्ये ॲलन ब्लुमलाइन नावाचा एक इंजिनियर होता. असं सांगतात की बायकोबरोबर सिनेमा बघताना त्याला खटकलं, की नट पडद्यावर एका बाजूला आणि आवाज मात्र दुसरीकडून. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. आज आपण ज्याला स्टीरिओ म्हणतो त्याचा बराचसा पाया त्यात आहे. एकाच खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे आवाज कोरायची युक्तीसुद्धा त्यातलीच. (हा माणूस १९४२ मध्ये रडारच्या चाचणीत विमान कोसळून गेला. वय अवघं ३८.)

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. २७ एप्रिल १९३३ ला बेल लॅब्जच्या लोकांनी फिलाडेल्फियात वाजणारा ऑर्केस्ट्रा टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला. तिकडे तीन मायक्रोफोन, इकडे तीन स्पीकर: डावा, मधला आणि उजवा. दोन नाही, तीन! दोनच ठेवले तर बरोबर मध्ये बसलेल्यालाच आवाज मधून येतोय असं वाटतं. जरा बाजूला सरकलात की सगळा आवाज जवळच्या स्पीकरकडे ओढला जातो. सभागृहात सगळेच मध्ये कसे बसणार?

मग घरात दोनच स्पीकर का आले? कारण खाचेला भिंती दोनच! १९५७-५८ च्या सुमारास स्टीरिओ रेकॉर्ड बाजारात आल्या आणि घरोघरी दोन चॅनेल रूढ झाले. कानाला दोन हवेत म्हणून नव्हे, रेकॉर्डवर दोनच मावत होते म्हणून. सिनेमाने मात्र मधला स्पीकर सोडला नाही. १९५३ च्या 'द रोब' या पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात चार चुंबकीय ट्रॅक होते: डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या भोवतीचा. माणसं बोलणार ती मधून, हा नियम तिथे पक्का झाला.

पुढचं पात्र रे डॉल्बी. याचा आपल्याशी खरोखरच संबंध आहे. १९६३ ते १९६५ हा माणूस युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात, चंदीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेत होता. टेपवरची खरखर कमी करायची कल्पना त्याला इथेच सुचली. १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली. सत्तरच्या दशकात याच कंपनीने फिल्मवरच्या दोन ट्रॅकमध्ये गणिताने चार चॅनेल कोंबायची सोय केली. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'ने ती गाजवली.

ही सोय घरी आली १९८२ मध्ये, डॉल्बी सराउंड म्हणून. मागचे स्पीकर मिळाले, पण मधला गायब! तो मिळाला १९८७ मध्ये, प्रो लॉजिक आल्यावर. म्हणजे १९३३ मध्ये जे माहीत होतं ते दिवाणखान्यात पोचायला ५४ वर्षं लागली. पुढे १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'बरोबर डॉल्बी डिजिटल आलं, १९९३ मध्ये 'जुरासिक पार्क'बरोबर डीटीएस. सगळे चॅनेल सुटे सुटे झाले. आजही सिनेमातले बहुतेक संवाद त्या मधल्या चॅनेलमध्येच असतात.

इथे माझी ट्यूब पेटली. आमच्या खोक्यातला मधला स्पीकर साबणाच्या पेटीएवढा होता! बाबांची सगळी वाक्यं त्या पेटीतून येत होती आणि मी ५००० वॅटचं कौतुक करत बसलो होतो.

आता वॅटकडे वळू. 'रिसीव्हर' हे नावच मुळात रेडिओचं. रेडिओ ट्यूनर आणि ॲम्प्लिफायर एकाच पेटीत घातले की रिसीव्हर. हर्मन कार्डनचा १९५४ चा फेस्टिव्हल हा त्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी. साठच्या दशकात स्पर्धा वाढली आणि अमेरिकेत आकड्यांची चंगळ सुरू झाली. 'पीक पॉवर', 'म्युझिक पॉवर', ज्याला जे सोयीचं ते त्याने छापायचं. शेवटी १९७४ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने नियम केला. पॉवर सांगायची तर सतत टिकणारी सांगा. किती ओहमवर, कुठल्या फ्रिक्वेन्सींमध्ये आणि किती डिस्टॉर्शनला, तेही सांगा. मोजायच्या आधी ॲम्प्लिफायर तासभर एक तृतीयांश पॉवरवर तापवायची अट होती.

गंमत म्हणजे मग स्पर्धा प्रामाणिक आकड्यांची झाली. १९७८ चा पायोनियर एसएक्स-१९८० दर चॅनेलला २७० वॅट द्यायचा. वजन? ३५ किलोच्या वर! खरे वॅट म्हणजे मोठा ट्रान्सफॉर्मर आणि मोठे हीटसिंक. लोखंड आणि ॲल्युमिनियम फुकट मिळत नाही.

पुढे चॅनेल दोनाचे पाच, सात, नऊ झाले आणि जुनी चलाखी परत आली. 'दर चॅनेल १०० वॅट' असं लिहायचं, पण मोजताना एकच किंवा दोनच चॅनेल चालू ठेवायचे, फ्रिक्वेन्सी फक्त १ किलोहर्ट्झ, ८ च्या ऐवजी ६ ओहम आणि डिस्टॉर्शन चक्क १० टक्के. २०२४ मध्ये त्या कमिशनला नियम पुन्हा घट्ट करावा लागला: ८ ओहम, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, डिस्टॉर्शन १ टक्क्याच्या आत. आणि आपल्याकडचं पीएमपीओ? त्याची मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. ५००० काय, ५०,००० पण छापता येतात.

बरं, मुळात लागतात किती वॅट? आवाजाचा हिशोब लॉगरिदमिक. पॉवर दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला आवाज 'दुप्पट' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट पॉवर. त्यामुळे ५० वॅट आणि १०० वॅट यांत फरक ३ डेसिबलचा, जेमतेम जाणवेल इतका. याउलट ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या ऐवजी ८९ चा स्पीकर घेतला तर ॲम्प्लिफायर आपोआप दुप्पट झाल्यासारखाच. साधी बोलाचाली ६० डेसिबलच्या आसपास असते. आमच्या दहा बाय चौदाच्या खोलीत संवादांना एक वॅटसुद्धा पुष्कळ झाला. बाकीचे वॅट धमाक्यांसाठी राखीव.

चॅनेलच्या हव्यासालाही इतिहासात उत्तर सापडलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चार स्पीकरवाल्या क्वाड्राफोनिकची लाट आली होती. एसक्यू, क्यूएस, सीडी-४ अशा पद्धती निघाल्या आणि एकीचं दुसरीला चालेना. काही वर्षांत सगळं गुंडाळलं गेलं. ज्यांनी महागडी पेटी घेतली ते तसेच राहिले. म्हणून नव्या अक्षरांच्या मागे लागून चाळीस हजार उधळायचे नाहीत असं ठरवलं.

एचडीएमआयचंही तेच. टीव्हीकडून आवाज उलटा रिसीव्हरला पाठवायची सोय, म्हणजे एआरसी, २००९ च्या १.४ आवृत्तीपासून आहे. सगळी यंत्रं टीव्हीला जोडायची आणि एकच केबल रिसीव्हरकडे न्यायची. चित्र रिसीव्हरमधून जाणारच नसेल तर त्यात सगळ्यात नवी आवृत्ती कशाला हवी?

तर शीटचे रकाने असे बदलले. वॅट शेवटी गेले. पहिला रकाना: मधला स्पीकर. दुसरा: ८ ओहमवर, दोन चॅनेल चालू असताना, पूर्ण पट्ट्यात मोजलेली पॉवर. तिसरा: एआरसी. चौथा चक्क वजन :)

घेतलं काय? साध्या पाच चॅनेलचा, आधीच्या वर्षीचं मॉडेल म्हणून स्वस्तात निघालेला रिसीव्हर. पुढचे तीन स्पीकर एकाच मालिकेतले, त्यातला मधला सगळ्यात दणकट. मागचे दोन नाहीत, सबवूफर नाही. नंतर कधीतरी घेता येतील, रिसीव्हरला जागा आहे. मधला चॅनेल ३ डेसिबलने वर केला आणि मेनूतला 'नाइट मोड' चालू केला. धमाके आणि कुजबुज यांतलं अंतर तो कमी करतो. ही सोय डॉल्बी डिजिटलमध्ये पहिल्यापासून आहे.

रविवारी बाबांनी 'शोले' लावला. ('शोले' १९७५ मध्ये मुंबईच्या मिनर्व्हात ७० मिलिमीटर आणि स्टीरिओफोनिक आवाजात लागला होता. तो तिथेच बघितल्याचं ते दर वेळी सांगतात.) आता संवाद त्यांना पाठच आहेत, त्यामुळे ही परीक्षा काही खरी नव्हे. खरी परीक्षा सोमवारी झाली, नव्या वेब सिरीजला. तासाभरात "काय म्हणाला रे तो?" दोनदाच आलं. एकदा तर मलाही कळलं नव्हतं.

आई म्हणाली, सबवूफर आणला नाहीस ते एक बरं केलंस.