गाठ कुणाच्या घराण्यातली?

गावात एखादीच्या छातीत गाठ निघाली की पहिला प्रश्न औषधाचा नसतो, माहेरचा असतो. "तिच्या आईला होतं का गं?" मग बोलणं तिच्या लेकीच्या सोयरिकीपर्यंत जातं, आणि त्या भीतीनं बाई गाठच लपवते. हा कर्करोग घराण्यातून येतो की आणखी कशातून, हे माणसानं कसं शोधलं, ते आज सांगते.

सुमारे तीनशे वर्षांपूर्वी इटलीतल्या बर्नार्डिनो रामाझिनी या वैद्यानं लिहून ठेवलं, की मठात राहणाऱ्या जोगिणींना हा रोग जास्त होतो. मूलबाळ नसण्याशी काहीतरी संबंध आहे एवढं दिसलं. कारण मात्र कळलं नाही.

ते कळायला गाईगुरांची मदत झाली. स्कॉटलंडमधले डॉक्टर जॉर्ज बीटसन दूध कसं तयार होतं याचा अभ्यास करत होते. काही देशांत गाय व्याल्यावर तिची बीजांडं काढून टाकतात, म्हणजे ती आटत नाही, हे त्यांना समजलं. बीजांड पोटात आणि कास बाहेर, तरी एकाचा दुसऱ्यावर हुकूम चालतो! बाईचंही तसंच असेल असं धरून 1895 मध्ये त्यांनी 33 वर्षांच्या एका बाईची बीजांडं काढली. तिचा कर्करोग फार पुढे गेलेला होता. काही महिन्यांत गाठी विरल्या आणि ती पुढे जवळजवळ चार वर्षं जगली. तेव्हा 'हार्मोन' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता. बीजांडातून निघणारा इस्ट्रोजेन हा हार्मोन स्तनातल्या पेशी वाढवतो, हे नंतर समजलं.

1926 मध्ये इंग्लंडच्या डॉक्टर जेनेट लेन-क्लेपन यांनी मला फार आवडणारं काम केलं. कर्करोग झालेल्या 500 आणि न झालेल्या 500 बायकांना त्यांनी सारखेच प्रश्न विचारले: लग्न कधी, मुलं किती, अंगावर पाजलं का. कमी मुलं आणि उशिरा लग्न झालेल्यांत रोग जास्त दिसला. यात कुणाला बोल लावायचा नाही. पाळी, बाळंतपण, पाजणं यांनी अंगातला हार्मोन कमीजास्त होतो, इतकंच.

मग घराण्याचं काय? काही घरांत हा रोग खरंच पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. फ्रान्सच्या पॉल ब्रोका यांनी 1866 मध्ये आपल्या बायकोच्याच घराण्याच्या चार पिढ्या मांडल्या होत्या. अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी अशी 23 घराणी तपासली आणि 1990 मध्ये दोषी जनुकाची जागा दाखवली. त्याचं नाव बीआरसीए-1. हे जनुक पेशीतली मोडतोड दुरुस्त करतं. ते बिघडलेलं असलं तर 100 पैकी सुमारे 70 जणींना ऐंशीच्या वयापर्यंत हा कर्करोग होतो. पण अशी घराणी थोडी. एकूण रोग्यांत असा आनुवंशिक बिघाड 100 पैकी 5 ते 10 जणींतच सापडतो.

मग शास्त्रज्ञांना वाटलं, हार्मोन बनवणारी जनुकंही प्रत्येकीची थोडी वेगळी असतात, तिथे काही सापडेल. हजारो बायकांचं रक्त तपासलं. एका जनुकातल्या फरकानं, पाळी गेलेल्या बायकांत इस्ट्रोजेन 10 ते 20 टक्के जास्त निघालं, पण कर्करोग काही वाढलेला दिसला नाही. 2009 मध्ये चीनच्या शांघायमधल्या बायकांत, इस्ट्रोजेनचा निरोप घेणाऱ्या जनुकाजवळ एक फरक सापडला. त्यानं धोका वाढतो, पण थोडासाच. बीआरसीएसारखा नाही.

म्हणजे गाठ निघालेल्या बहुतेक जणींच्या माहेरी शोधून काही सापडणार नाही. आणि जिथे सापडतं, तिथेही एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही: बिघडलेलं जनुक बापाकडूनही तितकंच येतं. पुरुषाला स्वतःला सहसा काही होत नाही, लेकीला होतं. तेव्हा दवाखान्यात घरची माहिती विचारली तर आई, मावशी यांच्याबरोबर आत्याचं आणि बापाच्या आईचंही सांगा. कुणाला कितव्या वर्षी झाला, तेही सांगा.