मैदान बांधायला परदेशात?

परदेशात जाऊन मुलांसाठी खेळाचं मैदान बांधून द्यायचं, अशा शिबिरांबद्दल आपल्या वाशिमची पोरंही हल्ली विचारतात. जरूर जा. पण या शिबिरांचा एक धागा आपल्या विदर्भातून गेलाय.

पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेसोल यांनी फ्रान्समधलं उद्ध्वस्त गाव उभारायला स्वयंसेवक नेले. त्यात जर्मनही होते, म्हणजे कालचे शत्रू! १९३४ च्या भूकंपानंतर सेरेसोल स्वतः बिहारात येऊन राबले. पुढं पन्नाशीच्या दशकात त्यांच्याच 'सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल'चे तरुण वरोऱ्याला, बाबा आमटेंच्या आनंदवनात आले. इमारती बांधल्या. पण माझ्या मते खरं काम विटांचं नव्हतंच. तोवर वरोऱ्याचे लोक कुष्ठरोग्यांनी पिकवलेली भाजी घ्यायला घाबरत. परदेशी पोरं तिथंच राहतात, राबतात, त्यांना काही होत नाही, हे गावानं डोळ्यांनी पाहिलं. मग भाजी विकली जाऊ लागली.

म्हणून शिबिराला निघालेल्यांना मी विचारतो, तिथं राहणार किती दिवस? झोपाळा आठवड्यात उभा होतो. त्याची तुटलेली साखळी वर्षभरानं कोण बदलणार, हे तिथल्या लोकांसोबत बसूनच ठरतं. आणि सरावाला आपल्या झेडपी शाळांची मैदानं आहेतच की!