वेब फीड

वेब फीड : संकेतस्थळावर नवे काय आले याची यंत्राला वाचता येणारी यादी. ती स्थळ स्वतःच तयार करते आणि वाचकाच्या संगणकावरचे वा मोबाइलवरचे फीडरीडर ठरावीक वेळाने तपासते. वीस आवडती स्थळे रोज उघडून पाहण्याचा खटाटोप त्यामुळे वाचतो. शिवाय काय यावे हे वाचकानेच ठरवलेले असते. समाजमाध्यमांवर ही निवड त्याच्या हाती फारशी उरत नाही, म्हणून फीडचे मोल आजही कमी लेखता येत नाही. मुख्य प्रकार दोन : आरएसएस आणि ॲटम.

आरएसएसची पहिली आवृत्ती नेटस्केप या ब्राउझर कंपनीने मार्च १९९९ मध्ये काढली. तिच्या घडणीत आयआयटी मद्रासचे माजी विद्यार्थी रामनाथन गुहा यांचा मोठा वाटा होता. पुढची वाढ अमेरिकी सॉफ्टवेअर विकासक डेव्ह वायनर यांच्याकडे गेली, आरएसएस २.० ही आवृत्ती २००२ ची. आरएसएसच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ॲटमचे मानक डिसेंबर २००५ मध्ये ठरले.

मराठीत फीड रुजले ते ब्लॉगांमुळे. ब्लॉगर आणि वर्डप्रेस फीड आपोआप तयार करतात. वर्डप्रेसच्या स्थळाच्या पत्त्यापुढे ‘/फीड’ हा शब्द रोमन लिपीत जोडला की ते बहुधा समोर येते. ‘मराठी ब्लॉग विश्व’ या स्थळाने अशी विखुरलेली फीड गोळा करून ताजे लेखन एका पानावर आणले. त्याचे बोधचिन्ह अनेक मराठी ब्लॉगांच्या कडेच्या रकान्यात दिसे.

याआधी एक अडसर दूर व्हावा लागला, आणि मराठीपुरती तीच सर्वांत मोठी घटना मानावी लागेल. काही दैनिकांची जुनी संकेतस्थळे स्वतःचे फाँट वापरत. पानावर मराठी दिसे, आत मात्र रोमन चिन्हांची सरमिसळ असे. फीड मजकूर नेते, फाँट नेत नाही. त्यामुळे रीडरमध्ये बातमीच्या जागी निरर्थक अक्षरे उमटत. युनिकोड ही सर्व लिपींसाठीची सामाईक संकेतप्रणाली वापरात आल्यावर ‘ज्ञ’ आणि ‘ळ’सुद्धा जसेच्या तसे पोचू लागले. तारखेला मात्र अजून मराठी चालत नाही : आरएसएसमध्ये वार आणि महिना इंग्रजी लघुरूपात, अंक इंग्रजी आणि शेवटी भारतीय वेळेसाठी अधिक ०५३० अशीच ती लिहावी लागते. देवनागरी अंकांत दिली तर अनेक रीडरांना ती कळत नाही आणि नोंदीचा क्रम चुकतो.

दोन भाषांत वाचणाऱ्या घरांना फीड विशेष सोयीचे. बीबीसीच्या मराठी आणि गुजराती सेवा एकाच दिवशी, २ ऑक्टोबर २०१७ रोजी सुरू झाल्या. सुरतेजवळच्या कामरेजमधील मराठी कुटुंबाला त्या दोन्हींची फीड एकाच यादीत लावता येतात. घरात मराठी आणि बाजारात गुजराती वाचणाऱ्याला स्वतंत्र ॲप लागत नाही. मराठी विकिपीडियाच्या ‘अलीकडील बदल’ या पानाचेही ॲटम फीड आहे. एखाद्याच लेखावर नजर ठेवायची तर त्या लेखाच्या ‘इतिहास’ पानाचे फीड घ्यावे. आपल्या गावाच्या लेखात कोणी काय बदलले हे त्यातून घरबसल्या कळते.

गूगल रीडर : गूगलचे फीडरीडर, ऑक्टोबर २००५ ते १ जुलै २०१३. ते बंद झाल्यावर ज्यांनी आपली फीडांची यादी ओपीएमएल या प्रकारच्या फाइलमध्ये उतरवून घेतली होती, त्यांना ती फीडलीसारख्या रीडरमध्ये नेता आली.

पॉडकास्ट : हेच तंत्र, नोंदीला ध्वनिफीत जोडलेली असते.