घटमांडणी, भेंडवळची

बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ (ता. जळगाव जामोद) येथे अक्षय्य तृतीयेस आगामी वर्षातील पाऊस व पिके यांविषयी भाकीत वर्तविण्याची परंपरागत पद्धती. सातपुड्याच्या रांगा व पूर्णा नदी यांमधील या प्रदेशात शेती मुख्यत्वे कोरडवाहू आहे. खरीप पिके मोसमी पावसावर, तर गहू, हरभरा ही रब्बी पिके काळ्या जमिनीत मुरलेली ओल व हिवाळ्यातील थंडी यांवर अवलंबून असतात. त्यामुळे मृगापूर्वी पेरणीसंबंधी घेतलेल्या निर्णयावर कुटुंबाचा वर्षभराचा निर्वाह ठरे. १८९९–१९०० च्या दुष्काळात वऱ्हाडातील पिके बुडाली, तेव्हा या परावलंबित्वाची तीव्रता प्रकर्षाने दिसून आली.

चंद्रभान महाराज वाघ यांनी सु. ३५० वर्षांपूर्वी ही प्रथा सुरू केल्याचे परंपरा मानते. मांडणीचा वारसा वाघ घराण्यातच चालत आला आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी गावाबाहेरील शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ, गहू, हरभरा इ. अठरा प्रकारची धान्ये मांडतात. मध्यभागी खड्डा करून पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून चार ढेकळे व त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवतात. घागरीवर पुरी, पापड, सांडोळी, कुरडई इ. पदार्थ, तर खड्ड्यात पानविडा व सुपारी ठेवतात. रात्री तेथे कोणी थांबत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळांचा ओलावा पाहून त्या त्या महिन्यातील पाऊस आणि धान्यांची हालचाल पाहून पिकांची स्थिती सांगितली जाते. पुरी पृथ्वीचे, तर पानविडा राजाचे प्रतीक मानीत असल्याने भाकितात नैसर्गिक आपत्ती व राजकारण यांचाही अंतर्भाव होत आला आहे. भाकीत ऐकण्यास विदर्भ, खानदेश व मराठवाडा येथून शेतकरी येतात.

धान्ये वारा, कीटक वा पक्षी यांमुळेही विस्कटू शकतात. मोसमी वाऱ्यांशी त्यांचा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांवर आक्षेप घेतले आहेत. भारतीय हवामानखात्याची स्थापना १८७५ मध्ये झाली. हिमालयातील हिमवृष्टीच्या आधारे मोसमी पावसाचे नियमित दीर्घावधी अंदाज १८८६ पासून देण्यात येऊ लागले. तथापि असे अंदाज विस्तृत प्रदेशासाठी असतात, तर शेतकऱ्याचा प्रश्न स्वतःच्या शिवारापुरता असतो. वेधशाळेचे अंदाज उपलब्ध झाल्यावरही घटमांडणी टिकून राहिली, याचे एक कारण या अंतरात आढळते. भाकिताचे शास्त्रीय मूल्य संशयास्पद असले, तरी अनिश्चित ऋतुमानास सामूहिकपणे सामोरे जाणाऱ्या कोरडवाहू समाजाच्या इतिहासाचे साधन म्हणून ही प्रथा महत्त्वाची आहे.